जळजळ जठराची, नाव हृदयाचे



शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत शाळांचे अहवाल असावेत, गुणवंत विद्यार्थ्यांची नावे असावीत, देणगीदारांचे आभार असावेत. त्यात छातीतल्या जळजळीवर लेख कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर तुमच्याच घरात आहे. स्वयंपाकघरातील फडताळ उघडून पाहा. खाण्याच्या सोड्याचा डबा, फसफसणाऱ्या क्षाराची पुडी, गुलाबी किंवा पांढऱ्या औषधाची अर्धी बाटली, चघळायच्या गोळ्यांची पट्टी, यांपैकी एक तरी वस्तू सापडेल. डॉक्टरांना न विचारता आपण ज्या तक्रारींवर औषध घेतो, त्यांत ही जळजळ असतेच. आणि रोज वापरातल्या वस्तूचा इतिहास ठाऊक नसणे हेही एक प्रकारचे अडाणीपणच आहे.

या इतिहासात आपल्या पूर्वसूरींचा वाटा मोठा आहे. तो अभिमानाने सांगण्यासारखा आहे. पण केवळ अभिमानासाठी मी लेखणी हाती घेतलेली नाही. या इतिहासात एक जुनी गल्लतही आहे, आणि ती गल्लत आजही माणसे मारते. तिची हकीकत शेवटी सांगतो.

एका नावाची गोष्ट

जळजळ होते ती जठरातील आम्लामुळे. मग इंग्रजीत तिला हृदयाचा दाह अशा अर्थाचे नाव का पडले? याचे मूळ प्राचीन ग्रीक भाषेत आहे. जठराच्या वरच्या तोंडाला ग्रीक लोक ‘कार्डिया’ म्हणत आणि हृदयालाही ‘कार्डिया’च म्हणत. दोन अवयव शेजारी, दोघांच्या वेदनेची जागा एक, म्हणून नावही एक. दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने या दुहेरी नावाची नोंद केली आहे. अरबी हकिमांनी ग्रीक ग्रंथ आपल्या भाषेत आणले तेव्हा हे नातेही त्यांच्याबरोबर आले. अरबीत ‘फुआद’ म्हणजे हृदय. पण युनानी वैद्यकात ‘वजा-उल-फुआद’ या नावाने ओळखली जाते ती जठराच्या तोंडाशी होणारी वेदना. आजचे डॉक्टरसुद्धा जठराच्या वरच्या भागाला ‘कार्डिया’ आणि हृदयाच्या तपासणीला ‘कार्डिओग्राम’ म्हणतात.

मराठीने येथे थोडी सावधगिरी दाखवली आहे. आपण ‘पित्त झाले’, ‘घशाशी आंबट आले’, ‘करपट ढेकर येतात’ असे म्हणतो. माधवकराच्या ‘निदान’ ग्रंथात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे. पण बोलताना आपणही ‘छातीत जळजळते’ असेच म्हणतो आणि बोट ठेवतो ते उरोस्थीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर. या हाडामागे हृदयही आहे आणि अन्ननलिकाही. बोटाला दोघांतला फरक कळत नाही.

ज्याच्याजवळ वैद्य नाही, त्याच्यासाठी

आता नवव्या शतकातील बगदादकडे वळू. अब्बासी खलिफांच्या या राजधानीत ग्रीक, सुरियानी, फारसी आणि भारतीय विद्या एकत्र नांदत होती. अली इब्न रब्बन अल्-तबरी याने इ. स. ८५० मध्ये ‘फिरदौस-उल-हिक्मत’ हा ग्रंथ पुरा केला. त्याच्या अखेरच्या भागात भारतीय वैद्यकाचा परिचय आहे आणि तो चरक, सुश्रुत, वाग्भट आणि माधवकर यांच्या ग्रंथांवर आधारलेला आहे. विद्यार्थी मित्रहो, हे लक्षात ठेवा. विद्या कोणाच्या हातची आहे हे न विचारता ती आपलीशी करणे हाच त्या काळच्या मुस्लिम विद्वानांचा मोठेपणा होता.

याच काळात वैद्य वेगळा आणि औषधविक्रेता वेगळा अशी व्यवस्था रुळली. औषधे तयार करण्याच्या कृतींची पुस्तके निघाली. त्यांना ‘अकराबादीन’ म्हणत. इ. स. ८६९ मध्ये मृत्यू पावलेल्या साबूर इब्न सहल याचे अकराबादीन फार गाजले. बाजारावर देखरेख करणारा ‘मुहतसिब’ नावाचा अधिकारी असे. वजनमापांप्रमाणेच औषधांतील भेसळीवरही त्याची नजर असे. औषधाच्या दुकानाला शिस्त हवी, हा विचार असा अकराशे वर्षांचा जुना आहे.

आता अबू बक्र अल्-राझी यांच्याविषयी. सुमारे इ. स. ८६५ मध्ये रय्य शहरी जन्मलेले राझी हे इस्पितळाचे प्रमुख होते आणि मोठे प्रयोगशील वैद्य होते. त्यांच्या ग्रंथांपैकी एकाच्या नावाचा अर्थ ‘ज्याच्याजवळ वैद्य हजर नाही त्याच्यासाठी’ असा होतो. गरिबांचे वैद्यक म्हणूनही तो ओळखला जातो. प्रवासी, सैनिक, गोरगरीब अशांना स्वयंपाकघरात आणि बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी स्वतःवर उपचार करता यावेत, हा त्याचा हेतू. आज ज्याला आपण चिठ्ठीशिवाय मिळणारे औषध म्हणतो, त्यामागचा विचार हाच. अन्नाचे फायदे आणि त्यांपासून होणारे अपाय टाळण्याचे मार्ग यांवरही राझींनी वेगळे पुस्तक लिहिले.

पोटासाठी हकिमांनी ‘जवारिश’ नावाचा औषधप्रकार रूढ केला. हा शब्द फारसी आहे आणि त्याचा संबंध पचनाशी आहे. जवारिश कमूनी आजही युनानी दवाखान्यात मिळते. कमून म्हणजे जिरे. सिरक्यात भिजवून सुकवलेले जिरे, सुंठ, काळी मिरी, सताप आणि बोरा-ए-अरमनी नावाचा क्षार हे सर्व मधात कालवून ती बनते. यातील शेवटच्या घटकाकडे लक्ष द्या. तो क्षार आहे, आणि आम्लावर क्षार हा तर पुढच्या सगळ्या इतिहासाचा पाया आहे.

‘अल्कली’ हा शब्द तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचला असेल. मराठीत त्यावरून ‘अल्कधर्मी’ हा शब्द झाला. मूळ अरबी शब्द ‘अल्-किली’. खाऱ्या जमिनीत उगवणारी काही झुडपे जाळून जी राख मिळे, ती म्हणजे किली. तिच्यापासून साबण होई, काच होई. युरोपने ही विद्या घेतली तेव्हा अरबी शब्दही जसाच्या तसा घेतला. ‘जुलाब’ हा आपला शब्दही असाच फिरून आलेला आहे. फारसी ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी, अरबीत ते ‘जुलाब’ झाले, आणि आपल्याकडे येता येता त्याचा अर्थ रेचक असा होऊन बसला.

या परंपरेचा कळस म्हणजे इब्न सीना. इ. स. ९८० मध्ये बुखाऱ्याजवळ जन्म, १०३७ मध्ये हमदान येथे मृत्यू. त्यांच्या ‘अल्-कानून’ या ग्रंथात डोक्यापासून पायापर्यंतच्या रोगांची मांडणी आहे, आणि त्यात अन्ननलिका व जठर यांना स्वतंत्र विभाग आहे. बाराव्या शतकात तोलेदो येथे जेरार्ड ऑफ क्रेमोना याने हा ग्रंथ लॅटिनमध्ये नेला आणि पुढे काही शतके युरोपातील विद्यापीठांत तो शिकवला गेला.

परंतु इब्न सीना यांच्या मृत्यूची हकीकत आपण सहसा सांगत नाही. ती त्यांचा शिष्य जुझजानी याने लिहून ठेवली आहे. त्यांना पोटशूळाचा विकार जडला होता. लष्कराबरोबर प्रवासात असताना मागे राहावे लागेल या भीतीने त्यांनी लवकर बरे होण्यासाठी एका दिवसात आठ वेळा स्वतःला बस्ती दिली. त्याने आतड्याला जखमा झाल्या आणि प्रकृती पुन्हा पूर्ववत झाली नाही. पोटशूळावर स्वतंत्र पुस्तक लिहिणारा माणूस स्वतःच्या पोटशूळावर उपचार करताना घाई करून बसला! आपणच आपले वैद्य होताना मोठमोठ्यांचेही भान सुटते, हा यातला धडा.

आम्लाचा शोध

जठरात काहीतरी आंबट असते हे सर्वांनाच माहीत होते. ते नेमके काय, हे १८२४ साली विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने प्रसिद्ध केले. जठरातील आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. तेच आम्ल, जे प्रयोगशाळेत बाटलीवर इशारा लिहून ठेवतात!

त्याच सुमारास अमेरिकेत एक अजब घटना घडली. ६ जून १८२२ रोजी मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण मजुराला चुकून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला जठरापर्यंतचे भोक कायम राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले अन्न आत सोडले, बाहेर काढले, जठररस गोळा केला, आणि वर्षानुवर्षे प्रयोग करून १८३३ साली पुस्तक लिहिले. पचन ही रासायनिक क्रिया आहे हे त्यातून सिद्ध झाले. बोमाँटचे नाव झाले. सेंट मार्टिन मात्र गरीबच राहिला. १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांनी शरीराची आणखी चिरफाड करू नये म्हणून घरच्यांनी त्याला खूप खोल खड्ड्यात पुरले. आपल्या फडताळातल्या औषधामागे अशा एका निरक्षर मजुराचेही उपकार आहेत, हे विसरू नये.

जठर रोज सुमारे दीड ते दोन लिटर रस तयार करते. जठराला आतून चिकट स्रावाचे अस्तर असते, म्हणून आम्ल त्याला खात नाही. अन्ननलिकेला तसे अस्तर नाही. ती जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते उघडते आणि एरवी मिटलेले राहते. हे कडे सैल पडले, किंवा पोट तुडुंब भरून खालून दाब आला, की आम्ल वर चढते आणि उघड्या त्वचेवर चटका बसावा तशी अन्ननलिका पोळते. आम्लाने अन्ननलिकेला सूज येते, हा स्वतंत्र विकार आहे, असे न्यूयॉर्कच्या अ‍ॅशर विंकेलस्टाइन या डॉक्टरने १९३५ साली मांडले. म्हणजे रोग मानवजातीइतका जुना, आणि त्याचे नीट निदान नव्वद वर्षांचे.

बाटल्या आणि पुड्या

आम्लावर क्षार हे कळल्यावर बाजार मागे कसा राहील? जेम्स मरे या आयरिश डॉक्टरने १८२९ च्या सुमारास पातळ मॅग्नेशिया तयार केला. चार्ल्स हेन्री फिलिप्स याने १८७३ साली अमेरिकेत ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’चे पेटंट घेतले. इंग्लंडातील न्यूकॅसल गावचा औषधविक्रेता जेम्स क्रॉस्ली ईनो याने फसफसणारा ‘फ्रूट सॉल्ट’ विकायला काढला. बंदरावर येणाऱ्या खलाशांबरोबर त्याचे नाव दूरदूर गेले. पुढे तो इंग्रजांच्या साम्राज्यात सगळीकडे पोचला आणि आपल्या आजीच्या कपाटातही येऊन बसला. अमेरिकेत १९२८ मध्ये जेम्स हॉव या औषधविक्रेत्याने आपल्या पत्नीसाठी कॅल्शियम कार्बोनेटची चघळायची गोळी घरीच बनवली, तीच पुढे ‘टम्स’ म्हणून विकली गेली. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडू. शंख आणि पोवळे यांतही तेच असते, आणि आपले वैद्य शंखभस्म व प्रवाळ पोटासाठी देत आलेच होते.

विद्यार्थ्यांनो, घरी एक प्रयोग करा. पेल्यात थोडा सिरका घ्या आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. फस्सकन फेस येईल. आम्ल आणि सोडा मिळून मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. पोटातही नेमके हेच घडते. सोडा घेतल्यावर जो मोठा ढेकर येतो, तो आजाराचा वायू नव्हे, तो त्या सोड्यानेच तयार केलेला वायू आहे. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

उपाय सापडला की अतिरेक होतोच. १९१५ साली शिकागोच्या बर्ट्राम सिप्पी या डॉक्टरने जठरव्रणाच्या रोग्यांना तासातासाला दूध, साय आणि क्षार देण्याची पद्धत सुचवली. ती जगभर पसरली. पण १९२३ मध्येच असे दिसून आले की काही रोग्यांच्या रक्ताचे संतुलन बिघडते आणि मूत्रपिंडांना इजा होते. दुकानात सहज मिळते म्हणून एखादी वस्तू निरुपद्रवी ठरत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच कळलेले आहे.

एकच माणूस, हृदय आणि जठर

या इतिहासाला कलाटणी दिली स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी. योगायोग पाहा. १९६० च्या दशकात त्यांनी प्रोप्रॅनोलॉल हे औषध शोधले ते हृदयाच्या वेदनेसाठी. मग ते जठराकडे वळले. तयार झालेले आम्ल क्षाराने मारण्यापेक्षा ते तयार होण्याचा हुकूमच अडवावा, अशी त्यांची कल्पना. हिस्टामिन हे द्रव्य जठराच्या पेशींना आम्ल करण्याचा संदेश देते, तो संदेश अडवणारे सिमेटिडीन हे औषध १९७६ साली ब्रिटनमध्ये आले. त्याआधी जठरव्रणाच्या रोग्याला कित्येकदा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागे. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या दोन अवयवांची जगाने दोन हजार वर्षे गल्लत केली, त्या दोघांवरही स्वतंत्र औषध एकाच माणसाने दिले.

१९८१ मध्ये रॅनिटिडीन आले. १९८८ मध्ये ओमेप्राझोल आले. ते आम्ल तयार करणारा पेशीतला ‘पंप’च बंद करते. पुढे पॅन्टोप्राझोल वगैरे त्याची भावंडे निघाली. दरम्यान ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवून दिले की जठरव्रणामागे पुष्कळदा एक जंतू असतो. लोक विश्वास ठेवीनात, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी त्या जंतूंचे पाणी स्वतः प्राशन केले आणि जठरदाह ओढवून घेतला. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. व्रणाचे दुसरे मोठे कारण आहे अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. सांधेदुखीसाठी त्या रोज घेणाऱ्या आपल्या आईवडिलांना पोटदुखी सुरू झाली, तर आधी त्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारा.

नवे ते सगळेच टिकले असेही नाही. रॅनिटिडीनमध्ये कर्करोगाची शक्यता वाढवणारा एक दूषित घटक आढळल्याने २०२० साली अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावले, आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ते वगळले गेले.

फडताळ उघडताना

आता व्यवहाराचे बोलू. अधूनमधून, जड जेवणानंतर जळजळ झाली तर साधे आम्लशामक पुरते. त्याचा गुण मिनिटांत येतो, पण एकदोन तासांत ओसरतो. मॅग्नेशियमने पोट ढिले होते, अ‍ॅल्युमिनियमने बद्धकोष्ठ होते, म्हणून बहुतेक बाटल्यांत दोन्ही एकत्र असतात. सोड्यात व फसफसणाऱ्या पुड्यांत सोडियम भरपूर असते. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मूत्रपिंडाच्या रोग्यांना मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमही अपायकारक ठरते. लोह, थायरॉइडची गोळी, काही प्रतिजैविके यांच्याबरोबर आम्लशामक घेतले तर ती औषधे अंगी लागत नाहीत, म्हणून मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. किती, ते औषध देणाऱ्याला विचारावे.

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही औषधे उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असतात. पूर्ण गुण यायला दोनतीन दिवस लागतात. म्हणजे बिर्याणी खाऊन झाल्यावर ती गोळी घेणे हे पूर येऊन गेल्यावर बांध घालण्यासारखे आहे. आपल्या देशात १९४५ च्या औषध नियमांच्या ‘एच’ अनुसूचीत ही औषधे येतात, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची आहेत. प्रत्यक्षात काय होते ते तुम्ही आम्ही जाणतो. वर्षानुवर्षे ती घेतल्यास शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते. डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितले असेल तर मात्र मनानेच बंदही करू नयेत.

औषधाआधी पथ्य. रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोनतीन तास आधी उरकावे. पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून अर्धा पाऊण फूट उंच करावी. नुसत्या उशा वाढवून भागत नाही. डाव्या कुशीवर झोपावे. वजन उतरवावे. तंबाखू, मिस्री आणि विडी सोडावी. रमजानमध्ये आपली तक्रार वाढते ती रोज्यामुळे कमी आणि इफ्तारच्या भजी-समोशांमुळे जास्त. दिवसभराच्या रिकाम्या पोटात पाच मिनिटांत तळलेले ठासून भरायचे, आणि सहरीनंतर फजरची नमाज झाली की लगेच आडवे व्हायचे, याने कोणतेही कडे सैल पडेल. खजूर, पाणी, मग नमाज आणि नंतर शांतपणे बेताचे जेवण, ही आपली जुनी रीत शास्त्राच्या दृष्टीनेही उत्तम आहे. पोट तुडुंब न भरण्याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती फक्त ऐकायची नसते.

बडे अब्बांची रात्र

आता सुरुवातीला राखून ठेवलेली हकीकत. आमचे बडे अब्बा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, साठीचे होते. मधुमेह होता. एका ईदच्या रात्री त्यांच्या छातीत मध्यभागी जळजळू लागले. घाम आला. ते म्हणाले, “काही नाही, पित्त झालंय. दावत जड झाली. सोडा द्या.” सोडा दिला. मोठा ढेकर आला. “बघा, गॅसच होता,” असे म्हणून ते आडवे झाले, आणि आम्ही सगळे निर्धास्त झोपलो. पहाटे त्यांना उठवायला गेलो तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका असावा.

त्या घरात शिकलेली माणसे होती. मीही होतो. सोड्याने ढेकर येतोच, पोट बिघडलेले असो वा नसो, हे मला शाळेतल्या प्रयोगातून ठाऊक होते. पण त्या रात्री ते ज्ञान पुस्तकातच राहिले. ढेकर आला म्हणजे दुखणे पोटाचे होते, हा निष्कर्ष चुकीचा होता. ग्रीकांनी दोन अवयवांना एक नाव दिले, त्या चुकीची किंमत आमच्या घराने त्या रात्री मोजली.

म्हणून हे पाठ करून ठेवा आणि मुलांकडूनही करून घ्या. छातीत दाब किंवा जळजळ असून सोबत घाम, दम लागणे, मळमळ, चक्कर असेल, किंवा वेदना हातात, खांद्यात, मानेत, जबड्यात जात असेल, तर ते पित्त समजू नका. चालताना किंवा जिना चढताना वाढते आणि थांबल्यावर कमी होते, तरीही समजू नका. मधुमेही, वयस्क माणसे आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकार पुष्कळदा नुसत्या अस्वस्थतेच्या किंवा जळजळीच्या रूपात येतो. अशा वेळी सोडा शोधू नका, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, किंवा तत्काळ इस्पितळ गाठा. कार्डिओग्राम काढून तो नीट निघाला तर काही बिघडत नाही. “उगाच धावपळ केली,” असे म्हणून घरी परत येण्यासारखे दुसरे सुख नाही.

त्याचप्रमाणे घास अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, कारण नसता वजन घटणे, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज जळजळ होणे, या गोष्टी दुकानातल्या बाटलीने झाकायच्या नसतात. त्या डॉक्टरांना दाखवायच्या असतात.

राझींनी आपला ग्रंथ लिहिला तो ज्याच्याजवळ वैद्य नाही त्याच्यासाठी. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या हाकेच्या अंतरावर कोणी ना कोणी डॉक्टर आहे, आणि आपल्या समाजातील कितीतरी मुली-मुलगे युनानी आणि आधुनिक वैद्यकाच्या महाविद्यालयांत शिकत आहेत. तरीही मध्यरात्री वडिलांच्या छातीत जळजळते तेव्हा घरातील जो कोणी जागा असेल, तोच पहिला हकीम असतो. कदाचित तो तुमचा नववीतला मुलगा असेल, किंवा दहावीतली मुलगी. सोडा आणि सिरक्याचा प्रयोग तिने शाळेत केलेला असेल. त्या ज्ञानाचा उपयोग कोठे करायचा, हे तिला आज रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगून ठेवा.